लिस्बन: मुंबई आंदणात नेणाऱ्या राणीच्या गावात पाच दिवस

माळ्यावरची_पेटी

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं लिस्बनला पाच दिवस राहून आलो. तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं, पण टिपणांची वही माळ्यावर गेली ती परवाच्या साफसफाईत खाली आली. त्यामुळे दर-बिर विचारू नका, ते कधीच बदलले असणार.

विमानतळावरच्या मेट्रो स्टेशनातच पहिला धक्का. तिकिटाच्या मशीनवर पैसे भरायची वेळ आली तर पडद्यावर बटण उगवलं, ‘पगार’. नवरा म्हणाला, "दाब लवकर, महिनाअखेर आहे." पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे चुकते करणे. देणारे ते आणि घेणारे आपण, म्हणून आपल्याकडे येताना अर्थ फिरला असावा (हा माझा तर्क, भाषेच्या जाणकारांनी दगड मारू नयेत).

लिस्बन बघायचं तर आधी एक तारीख डोक्यात हवी. १ नोव्हेंबर १७५५. सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, अख्खं गाव चर्चमध्ये आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या. भूकंप झाला, छपरं माणसांवर आली, मेणबत्त्यांनी आगी लावल्या. मोकळी जागा बरी म्हणून जे नदीकाठी पळाले त्यांच्यावर थोड्या वेळाने समुद्र चालून आला. आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. नदीवरचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, मिरीपासून सगळ्या पूर्वेकडच्या मालाचा हिशेब ठेवणारी ‘कासा दा इंडिया’ गेली. राजा जुझे वाचला, पण त्याने अशी धास्ती घेतली की पुढे आयुष्यभर दगडी छपराखाली राहायला तयार होईना. अजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी तंबू आणि लाकडाचा वाडा उभा करावा लागला.

त्या दिवसाची खूण बघायची तर कार्मुच्या मठात जा. कमानी उभ्या, वर छप्पर नाही, थेट आभाळ. तो मठ त्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय. सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "मासा खाऊन काटा ताटात ठेवल्यासारखं दिसतंय." सासूबाई मालवणच्या आहेत हे सांगायला नकोच. (सान्ता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी खाली जी लांबच लांब रांग लागते तिच्यात उभे राहू नका. कार्मुच्या बाजूने चालत गेलात तर त्याच लिफ्टच्या पुलावर निघता.)

खालचा बाइशा भाग राजाचा मंत्री पोंबालच्या मार्केसने नव्याने आखून बांधून घेतला. सरळ रस्ते, एका मापाची घरं, भिंतींच्या पोटात लाकडाचा सांगाडा. त्याला ते ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि तो टिकतो का ते बघितलं, असं सांगतात. रस्त्यांची नावं सोन्याची, चांदीची, मोच्यांची, कापडवाल्यांची. आपली तांबट आळी, बुरूड आळी तशीच. फक्त आपल्या आळ्या वळतात, त्यांच्या वळत नाहीत.

आता पायाखालचं. फूटपाथ म्हणजे काळ्या-पांढऱ्या दगडांच्या बारक्या फोडी बसवून केलेली रांगोळी. रोसियूच्या चौकात तर लाटाच लाटा आहेत, जास्त वेळ खाली बघितलं तर गरगरतं. एका गल्लीत दुरुस्ती चालली होती तिथे मी वीस मिनिटं उभी होते. म्हातारासा कारागीर पाटासारख्या ठेंगण्या स्टुलावर बसलेला. दगड डाव्या तळहातावर घ्यायचा, छोट्या हातोडीच्या एका टोल्यात कोपरा उडवायचा, वाळूत बसवायचा, वरून दोनदा ठोकायचं. मोजपट्टी नाही, काही नाही. बसलेला दगड शेजारच्याला असा चिकटायचा की नख जाणार नाही. फक्त हेच दगड पाऊस पडला की साबणाची वडी होतात. सासूबाईंच्या सपाट तळाच्या चपला पहिल्याच दिवशी पिशवीत गेल्या.

बेलें या नदीकाठच्या भागात सगळे जातात, आम्हीही गेलो. जेरोनिमुशच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे. कोचीला मेला, तिथेच पुरला, मग चौदा-पंधरा वर्षांनी हाडं पोर्तुगालला आणली आणि १८८० मध्ये इथे ठेवली. लोक फोटो काढत होते. मला काहीच वाटलं नाही, रागही नाही. मी बघत बसले ते पुढे मुख्य वेदीपाशी असलेले हत्ती. मानुएल राजाच्या, त्याच्या मुलाच्या दगडी शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. हत्ती लहान आणि पेट्या अजस्र. साडेचारशे वर्षं ती जनावरं ते ओझं घेऊन उभी आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी आपल्या सरकारी कचेरीतल्या शिपायाचा भाव आहे.

तिथून बेलेंचा बुरूज. आत जायची रांग बघून आम्ही बाहेरच थांबलो आणि पस्तावलो नाही, कारण मला बघायचं होतं ते बाहेरच होतं. कोपऱ्यातल्या एका टेहळणी घुमटीखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. पावसावाऱ्याने इतकं झिजलंय की आधी माहीत नसेल तर नुसता दगड वाटेल. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घातला आणि १५१५ च्या मे महिन्यात तो इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. जर्मनीतल्या ड्युरर या चित्रकाराने नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं, पाठीवर एक जास्तीचं शिंग लावून. त्याच वर्षाच्या अखेरीस राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला, तर वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळीने बांधलेला होता, पोहता आलं नाही. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला कुणी विचारलं होतं?"

आणि आता शीर्षकातली बाई. साव व्हिसेंत द फोरा नावाचा मठ आहे, आल्फामा या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला. त्यात ब्रागांझा घराण्याच्या कबरी आहेत. एका दगडी पेटीवर नाव दिसलं, कातारीना. हीच ती. १६६१ च्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात टँजियर आणि मुंबई दिली गेली. चार्ल्सला मुंबई म्हणजे नेमकं काय, कुठे, किती बेटं याचा पत्ता नव्हता. सात वर्षांनी, १६६८ मध्ये, त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. नवरा गेल्यावर बाई माहेरी परत आली, इथेच वारली. मी जन्मापासून मुंबईत. गिरगावात चाळीत वाढले. त्या पेटीसमोर उभी राहून काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. दालनात आम्ही तिघंच होतो. नवरा हळूच म्हणाला, "बाई, पागडी परत मागू नका."

मठाच्या मागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. नाव ‘फैरा दा लाद्रा’. लाद्रा म्हणजे चोरटी बाई. म्हणजे मुंबई आंदणात नेणारी झोपलीय ती चोरबाजाराच्या शेजारी. तिथून मी एक फुटकी निळी फरशी घेतली, ती आता माझ्या ओट्यावर आहे, तिच्यावर गरम पातेलं ठेवते.

२८ नंबरच्या ट्रॅमबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यामुळे लिहीत नाही. तुम्ही विचारा, आठवेल तसं सांगते.


अर्धा_कप

मस्त लिहिलंय. पागडीवर जाम हसलो. मे महिन्यात आईबाबांना घेऊन जातोय. बाबा ७४, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. (१) चढउतार झेपेल का? (२) आई काय खाईल? टूर कंपनीवाले म्हणतात ‘सगळं मिळतं’, पण हेच ते मागच्या वेळीही म्हणाले होते आणि आईने चार दिवस केळी खाल्ली.


माळ्यावरची_पेटी

@अर्धा_कप, गाव सात टेकड्यांचं म्हणतात, माझ्या पोटऱ्यांनी त्याहून जास्त मोजल्या. राहायची जागा खाली, बाइशा किंवा मेट्रोजवळच घ्या. आल्फामातलं ‘फक्त दोन मिनिटं चालत’ म्हणजे दोन मिनिटं जिन्याने. चोवीस तासांचं तिकीट काढलंत की मेट्रो, बस, ट्रॅम, लिफ्ट सगळं त्यात येतं. वर गाडीने जा, खाली चालत या. बाबांना रबरी तळाचे बूट घ्या, नवे नकोत, घरी वापरून मुरवलेले.

खाण्याचं: ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं हिरवं सूप सगळीकडे मिळतं. त्यात असतं काय? कोव्ह आणि बताता. म्हणजे कोबीच्या जातीची हिरवी पानं आणि बटाटा. नावासकट आपलंच. फक्त वर डुकराच्या सॉसेजची एक चकती सोडतात, ती आधीच ‘नको’ म्हणून सांगायची. "सैं कार्न, सैं पैश" हे पाठ करून घ्या, म्हणजे मांस नको, मासे नकोत. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं, कुणी वाईट मानत नाही. ‘पश्तेल द नाता’ मात्र आईंना विसरायला लागेल, त्यात पिवळ्या बलकाशिवाय दुसरं काही नसतंच. मठात कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे, उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून अशा मिठाया निघाल्या असं तिथले सांगतात.

मार्तिं मोनिश चौकाच्या आसपास देशी दुकानं आहेत. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता. राहायच्या ठिकाणी शेगडी असेल तर प्रश्नच मिटला.


शब्दवेडा

वा! पेटीताई, तर्क वाईट नाही. यादीत भर घालतो: चावी, बादली, पिंप, घमेलं, परात, बिजागरी, लिलाव, तुरुंग, फीत, पाद्री, नाताळ, काजू, अननस, पाव. आणि अर्थात हापूस, अफोंसु द अल्बुकर्कच्या नावावरून. बेलेंला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर उंच खांबावर याच अल्बुकर्कचा पुतळा आहे. आमच्या गटातल्या एका रत्नागिरीकराने त्याला खालून विचारलं, "पेटी कितीला?"

एक किरकोळ दुरुस्ती. आंब्याला त्याचं नाव असलं तरी कलम त्याने स्वतः बांधलेलं नाही. कलमाचं तंत्र इथे रुजवलं ते मिशनरी पाद्र्यांनी. तो बिचारा (की मेला) १५१५ मध्येच गोव्याच्या दारात जहाजावर मेला. म्हणजे गेंडा लिस्बनला पोचला त्याच वर्षी.


मडगांवकार

धागा आवडला. आमचं लिस्बन थोडं निराळं हां. आमच्या मावशीचे अर्धे लोक तिथे. मला ते शहर बघायला गेल्यासारखं कधी वाटतच नाही, लग्नाला गेल्यासारखं वाटतं.

@अर्धा_कप, कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत ‘शामुसा’ दिसेल. तो समोसाच, पण आईला देऊ नका, आत बहुतेक वेळा बीफ नाहीतर चिकन. गोव्याहून आणि मोझांबिकहून गेलेल्यांनी तो तिथे नेला, आता तो त्यांचाच झालाय. खिडकीला ते ‘जनेला’ म्हणतात, आम्ही घरात ‘जनेल’च म्हणतो. आमची आजी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा दुकानदाराशी कोंकणीत बोलायची, मध्ये चार शब्द त्यांचे पडायचे आणि काम व्हायचं.

आणि आंतोनियु कोश्त विसरलात काय? २०१५ पासून २०२४ पर्यंत पंतप्रधान. बापूय मडगावच्या घराण्यातले. घरचं नाव बाबूश! आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात एक बाबूश आहे.

जून महिन्यात जमलं तर जा. सांतु आंतोनियुचा सण, १३ तारखेला. आदल्या रात्री गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात. आणि घराघरांत बारक्या पानांच्या मांजेरिकूच्या कुंड्या. तुळशीच्या नात्यातलंच झाड, वर कागदी फूल आणि दोन-चार ओळींचं कवन खोचलेलं. प्रियकर प्रेयसीला देतो. नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड मरतं म्हणतात. तळहात वरून फिरवायचा आणि मग तळहात हुंगायचा. आमच्या आजीने तुळस समजून पाणी घालायला सुरुवात केली होती.


तिरकस_तीर

सगळं छान छान चाललंय म्हणून विचारतो. ज्यांनी गोव्यात देवळं पाडली, १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन (पाखंडाच्या आरोपावरून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) चालवलं, त्यांच्या राजधानीत जाऊन सूप आणि फरशा? गामाच्या कबरीपुढे ‘रागही नाही’ हे वाचून गंमत वाटली. त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, १५०२ मध्ये.


वसईकर_काका

@तिरकस_तीर, प्रश्न रास्त आहे. पण मी जाऊन आलोय आणि माझं मत उलटं आहे. जावं, आणि उघड्या डोळ्यांनी बघावं. रोसियूच्या चौकात उत्तरेला खांबांचं देखणं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. पर्यटक त्याच्यासमोर आइस्क्रीम खातात. इन्क्विझिशनचा वाडा त्याच जागेवर होता. शेजारी साव दोमिंगुश चर्च. १५०६ मध्ये तिथून ज्यूंची कत्तल सुरू झाली, बाहेर आता तिची स्मरणशिळा आहे. आत १९५९ च्या आगीत खांबांचे टवके उडाले, ते त्यांनी तसेच ठेवलेत. मला लिस्बनमधलं ते सगळ्यात खरं ठिकाण वाटलं.

उलट बेलेंचं ते नदीकाठचं स्मारक, जहाजाच्या नाळीवर दर्यावर्दी रांगेने उभे असलेलं, मला तद्दन खोटं वाटलं. १९४० च्या प्रदर्शनासाठी हुकूमशहा सालाझारच्या काळात तकलादू उभारलं, १९६० मध्ये पक्कं केलं. म्हणजे गोवा हातचा जायला वर्ष उरलं होतं तेव्हा हे छाती फुगवून उभे.

आणि आम्हा वसईकरांचा हिशेब थोडा चुकता झालेला आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, चर्चच्या घंटा हत्तीवरून नेल्या, त्या अजून भीमाशंकरला आणि नाशकात नारोशंकराच्या देवळात वाजतात. लिस्बनमध्ये घंटा वाजली की मी मनात म्हणायचो, एक आमच्याकडे आहे हो.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो. घारापुरीच्या लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून राजा तिसऱ्या जुआंवकडे लिस्बनला पाठवला. तिथे वाचणारा कुणी मिळेना. पुढे दगडच नाहीसा झाला. हे त्यांच्याच दिओगु दु कोतु या बखरकाराने लिहून ठेवलंय. लेणं कुणी खोदलं यावर आपण आजही वाद घालतोय आणि उत्तर कुठेतरी एखाद्या घराच्या पायात गेलं असेल.


माळ्यावरची_पेटी

काका, घारापुरीचं माहीत नव्हतं. वाचून पोटात कालवलं. कातारीनाच्या पेटीपेक्षा हे जास्त लागलं खरं तर.

@तिरकस_तीर, राग आला नाही हे मी फुशारकीने लिहिलेलं नाही. येईल असं वाटलं होतं, नाही आला. हत्ती बघून मात्र आला.


चष्मा_विसरला

२८ नंबरबद्दल ताईंनी हात झटकले म्हणून मी लिहितो. माझं पाकीट तिथेच गेलं. ट्रॅम चढावर कुरकुरत होती, सगळे खिडकीबाहेर मोबाइल काढून उभे, मीही. दोन पोरी अंगावर आदळल्या, गोड हसून ‘देश्कुल्प’ म्हणाल्या. मीही हसलो. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या आणि माझं पाकीटही उतरलं. पोलीस चौकीत माझ्यापुढे अकरा जण रांगेत होते, त्यातले सात २८ नंबरवाले. मुंबईच्या लोकलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस मी!

तेव्हा तीच जुनी पिवळी गाडी हवी असेल तर २४ किंवा १२ नंबरची पकडा. २८ चीच हौस असेल तर सकाळी लवकर, पर्यटक न्याहारीला असतात तेव्हा. आणि त्या उतारावरच्या दोरीच्या गाड्यांपैकी ग्लोरियाला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर तसल्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या, तेव्हा त्यांच्या भरवशावर चढाचं नियोजन करू नका. बेलेंच्या बुरुजाचंही दुरुस्तीकाम निघालं होतं. आणि सोमवारी जेरोनिमुश बंद असतो.


सदाशिवपेठी_म्हातारा

सहसा लिहीत नाही, वाचतो. इतकं सगळं आलं आणि एक नाव आलं नाही म्हणून लिहितो. मोहन रानडे.

तुमच्यातले बरेच जण लिस्बनहून कश्काइशला समुद्रावर गेला असाल. काइश दु सोद्रे स्थानकातून नदीकाठाने गाडी जाते, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. वाटेत काशियश नावाचं लहान स्टेशन लागतं. आपल्याकडे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव ‘कॅक्सियास’ असं छापून यायचं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात सालाझारचे राजकीय कैदी असत. सांगलीचा हा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडला गेला. पुढे त्याला तिकडे नेलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. जानेवारी १९६९ मध्ये सुटले. म्हणजे आम्ही मुक्त गोव्यात सहली काढत होतो तेव्हा सात वर्षं ते आत होते.

सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी कुठे कुठे फिरले ते आमच्या पिढीला आठवतं. गाणी ऐकायला आलेल्यांनाही ते रानड्यांबद्दल सांगत. तेव्हाचे मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत त्यांच्या सुटकेची विनंती केली. २०१९ मध्ये रानडे पुण्यात वारले.

मी २००९ मध्ये मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्या गाडीने गेलो. मुलगा म्हणाला, "बाबा, पुढे बीच चांगला आहे." मी काशियशला उतरलो, फलाटावर बसलो, पुढची गाडी आल्यावर पुन्हा चढलो. बस, एवढंच.


शब्दवेडा

आजोबा, नमस्कार. मी तीनदा त्या गाडीने गेलोय. तीनदा.


चष्मा_विसरला

कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी. काशियशला रुळांपलीकडे पाण्याच्या काठावर एक टुमदार किल्ला दिसतो, लोक त्यालाच तुरुंग समजतात. तो साव ब्रुनोचा, निराळा आणि जुना. तुरुंग आत टेकडीवर आहे, आणि आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत बघायला मिळत नाही. दुसरं, कश्काइशच्या काही जलद गाड्या तिथे न थांबता जातात. धीमी पकडा. (बोरिवली फास्टमध्ये बसून माटुंग्याला उतरायची वाट बघणाऱ्यांसाठी ही सूचना.)

गावात बघायचं तर ‘से’ कॅथेड्रलच्या अगदी समोर आल्जुब म्हणून इमारत आहे, तीही राजकीय कैद्यांचा तुरुंगच होती. आता संग्रहालय आहे. कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट पडली, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं. काशियशचे दरवाजे त्यानंतर दोन दिवसांत उघडले. आणि शरणागती झाली कुठे? ताईंनी वर लिहिलेल्या बिनछपराच्या कार्मु मठाला लागूनच असलेल्या बराकीत. त्याच चौकात आता जांभळ्या फुलांच्या झाडांखाली कॉफी पितात.


तिरकस_तीर

आजोबांच्या प्रतिसादानंतर माझा प्रश्न मागे घेतो असं नाही. पण व्हिसाला काय काय कागद लागतात ते कुणी सांगेल का?


मडगांवकार

@तिरकस_तीर, ये रे बाबा. आमच्या मावशीकडे उतर.


अर्धा_कप

जाऊन आलो. धागा वर काढतोय, राग मानू नका.

आईचं पोट भरलं. काल्दु व्हेर्द तिला इतकं आवडलं की घरी पालक-बटाटा घालून तसलंच काहीतरी करते आणि त्याला ‘लिस्बनची पातळभाजी’ म्हणते. "सैं कार्न, सैं पैश" ती अशा ठसक्यात म्हणायची की शेवटी वेटर आधीच मान डोलवायचे. सॉसेजची चकती फक्त एकदाच आली. बाबांनी खाल्ली. आम्हाला माहीत नव्हतं बाबा खातात.

साव व्हिसेंतला गेलो, पागडीचा विनोद मी ढापला, आईला कळला नाही. बाबा फूटपाथवर एकदाही घसरले नाहीत, मी दोनदा घसरलो.

काशियशला धीम्या गाडीने गेलो. मी बाबांना वरचा प्रतिसाद आधीच वाचून दाखवला होता. स्टेशन आलं तसे ते उठून दारापाशी गेले. उतरतील असं वाटलं म्हणून मी पिशव्या उचलल्या. ते उतरले नाहीत, दार बंद होईपर्यंत दांडा धरून उभे राहिले. समोरच्या एका बाईंनी त्यांना बसायला जागा दिली, त्यांना वाटलं गुडघा दुखतोय. बाबा ‘ओब्रिगादू’ म्हणाले आणि पुढच्या स्टेशनपर्यंत उभेच राहिले.